मॅनिफोल्डचा बोल्ट पुन्हा तुटला: ट्रकचा एक्झॉस्ट लीक शोधणं आणि तुटका बोल्ट काढणं

डिसेंबरात सकाळी सहाला नागपूरच्या वाडी नाक्यावर उभं राहिलं की रात्रभर उभे असलेले ट्रक एकामागून एक सुरू होताना ऐकू येतात. त्यांत एखादी तरी गाडी 'टक टक टक' करत उठते. ड्रायव्हर म्हणतो, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा) वाजून राहिले. दहा मिनिटांत इंजिन तापतं, आवाज बसतो, गाडी रायपूरकडे निघून जाते. महिनाभराने तीच गाडी माझ्या दारात येते तेव्हा मॅनिफोल्डचे, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या नळाचे, मागचे दोन बोल्ट तुटलेले असतात, पॅकिंग जळालेलं असतं आणि हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) कडेला काजळीचा पट्टा उमटलेला असतो.

अमरावती रोडवर माझं गॅरेज आहे. बावीस वर्षांत हे काम किती वेळा केलं याचा हिशोब ठेवला नाही, पण सुरुवातीची काही वर्षं ते चुकीचं केलं एवढं पक्कं आठवतं. तुटका बोल्ट काढायचा, नवा टाकायचा, पैसे घ्यायचे. चार महिन्यांनी गाडी परत. "काहून भाऊ, पुन्हा तुटला का?" "हाव ना, तुमीच तर बसवला होता." त्यावर बोलायला माझ्याकडे काही नसायचं. बोल्ट कशामुळे तुटतो ते मी तेव्हा बघतच नव्हतो.

खालचं सगळं सहा सिलिंडरच्या, बिडाच्या हेडच्या डिझेल ट्रकांबद्दल आहे. टिप्पर, दहा चाकी, बारा चाकी, सगळ्यांत थोडाफार फरक सोडला तर गोष्ट एकच. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर बोल्ट काढण्याचा भाग वाचून सोडून द्या आणि जाणकाराकडे जा.

लक्षणं

थंड इंजिनावर टकटक आणि तापल्यावर ती कमी होणं, हे पहिलं. मॅनिफोल्ड तापून फुगतो आणि फट तेवढ्यापुरती बुजते, म्हणून आवाज कमी होतो. लीक बरा झालेला नसतो. फट मोठी झाली की मग तापल्यावरही, विशेषतः भरल्या गाडीने चढ चढताना, फसफस ऐकू येत राहते.

दुसरं, ओढ कमी होणं. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो. तो गॅस टर्बोपर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडला तर टर्बो हवा कमी देतो, डिझेल मात्र जवळपास तेवढंच जातं. मग काळा धूर, चढावर एक गिअर खाली आणि डिझेलचा अ‍ॅव्हरेज पडलेला. सिवनीकडे जाणारे ड्रायव्हर हे आधी कुरई घाटात ओळखतात, सपाटीवर कळत नाही.

तिसरं, केबिनमध्ये धुराचा वास आणि डोळ्यांची चुरचुर. चौथं, हेड आणि मॅनिफोल्डच्या जोडावर पंख्यासारखी फाकलेली काजळी. पाचवं लक्षण लोक बघतच नाहीत: जवळपासची एखादी वायर किंवा होज एकाच जागी कडक झालेली, रंग उडालेली. गरम गॅसचा झोत नेमका कुठे लागतोय ते ती जागाच दाखवते.

आधी हे ठरवा: गाडी चालवायची की नाही

झोत डिझेलच्या पाइपवर, ब्रेकच्या नळीवर किंवा वायरिंगवर येत असेल तर गाडी जागीच उभी करा. भरल्या चढावर हा गॅस ५००-६०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. रबर आणि वायरचं वेष्टण त्यापुढे टिकत नाही, आणि ट्रक पेटायला एवढं पुरतं.

केबिनमध्ये धूर येत असेल तर इंजिन चालू ठेवून आत झोपू नका, एका रात्रीसाठीही नाही. धुराचा वास येतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपेत असलेल्याला तेही कळत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन बंधनकारक झाली आहे. चांगलंच झालं, नागपूरचा मे महिना ज्याने केबिनमध्ये काढला त्याला विचारा. पण काचा बंद, एसीसाठी इंजिन चालू आणि खाली मॅनिफोल्ड लीक, हे एकत्र आलं की जिवावर बेततं.

हे दोन्ही नसेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत आणता येते. पण "सीझन संपू द्या, मग बघू" हे महागात पडतं. एक बोल्ट गेला की त्याचा भार शेजारच्यावर येतो, आणि फटीतून जाणारा गॅस हेडचा आणि मॅनिफोल्डचा माथा, म्हणजे जोडाची सपाट बाजू, खात जातो. पॅकिंगवर निभावणारं काम मग लेथवर जातं.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी सुरू करण्याआधी टॉर्च आणि मोबाइल घेऊन बोल्ट मोजा. बऱ्याच सहा सिलिंडर इंजिनांत सिलिंडरमागे दोन असे बारा असतात. तुमच्या इंजिनाचा आकडा पार्ट बुकात मिळेल. मागचे, केबिनच्या भिंतीकडचे बोल्ट डोळ्यांना दिसत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा चालू करून हात आत घाला आणि व्हिडिओ काढा. आमचा पोट्टा हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतो. पूर्वी आम्ही दाढीचा आरसा तारेला बांधायचो.

डोकं जागेवर दिसलं म्हणून बोल्ट शाबूत आहे असं धरू नका. कधी बोल्ट आत तुटलेला असतो आणि डोकं गंजामुळे नुसतं चिकटून बसलेलं असतं. गोटी (सॉकेट पाना) लावून हाताने अगदी हलका ताण द्या. फिरतोय पण घट्ट होत नाही, तर तो गेला. सगळे बोल्ट सैल पण शाबूत असतील तरी लगेच कचकचून आवळू नका, ते ताणले गेलेले असू शकतात. आणि गरम इंजिनावर पाना लावूच नका. गरम बोल्ट मऊ असतो, थोड्याशा जादा जोराने मान सोडतो.

मग गाडी सुरू करा. पहिलं मिनिट मोलाचं, कारण मॅनिफोल्ड अजून थंड आहे आणि फट उघडी आहे. पंखा आणि बेल्ट यांपासून कपडे सांभाळून, डिझेल गळत नाही याची खात्री करून, एक उदबत्ती जोडाच्या कडेने फिरवा. जिथे धुराची रेघ एकदम फटकारली जाते तिथे लीक. पंख्याची हवा त्रास देत असेल तर मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं जोडावरून फिरवा. लीकवर आलं की कानात चापट मारल्यासारखा आवाज येतो. टॅपेटचा आवाज वरच्या कव्हरवर मोठा, मॅनिफोल्डवर लहान. लीकचं याच्या उलट.

तरीही टॅपेट की लीक हे ठरत नसेल तर जुन्या पंपाच्या गाड्यांत एक हुकमी युक्ती आहे. आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. तो सिलिंडर जळायचा थांबतो. आवाज त्याबरोबर गेला तर लीक त्या सिलिंडरचा, तसाच राहिला तर टॅपेट. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल जातं तिथे, हे करू नका. तिथे पाइपात हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि हात कापायची वेळ येते. बीएस-६ गाड्या तर सगळ्या याच जातीच्या, त्यामुळे शंका असेल तर ही पायरी गाळा.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर लीक इंजेक्टरच्या वॉशरचा आहे. तोही टकटकच करतो. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आता खाली वाका आणि सायलेन्सर हलवून बघा. ही तपासणी फुकटची आहे, आणि माझ्याकडे परत परत आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचं मूळ इथेच निघालं. सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटला किंवा हँगरचं रबर गेलं की सगळं वजन पाइपावरून टर्बोवर आणि टर्बोवरून मॅनिफोल्डच्या बोल्टांवर लटकतं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मग त्या बोल्टांना ओढतो. मधला लवचिक बेलो फाटला असेल किंवा कोणीतरी त्याजागी सरळ पाइप वेल्ड करून दिला असेल तरी तेच. इंजिनाचं माउंटिंग बसलेलं असेल तर इंजिन डोलतं, सायलेन्सर डोलत नाही, आणि फरक पुन्हा बोल्टांवर निघतो.

उमरेडच्या कोळशावर चालणारा एक टिप्पर वर्षात तीनदा माझ्याकडे आला होता. दरवेळी शेवटच्या सिलिंडरचाच बोल्ट. तिसऱ्यांदा मालक चिडून म्हणाला, "बोल्टच डुप्लिकेट टाकता तुमी." मी गाडीखाली गेलो तर सायलेन्सरचा मागचा ब्रॅकेट चेसिसपासून सुटलेला, बारीक तारेने बांधलेला. तार किती दिवसांची ते क्लीनरलाही आठवत नव्हतं. ब्रॅकेट वेल्ड केला, रबर बदलले, बोल्ट पुन्हा टाकले. त्यानंतर ती गाडी क्लचसाठी आली, ब्रेकसाठी आली, मॅनिफोल्डसाठी आली नाही.

साबणाचं पाणी

इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची हवा सोडा, तोंडाभोवती चिंधी कोंबा. मॅनिफोल्डच्या जोडावर, टर्बोच्या फ्लँजवर आणि ईजीआरच्या (थोडा धूर परत इंजिनात नेणाऱ्या) पाइपावर साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा. बुडबुडे दाखवतील. कंप्रेसरचा पूर्ण दाब देऊ नका, ब्लोअर पुरतो. या तपासणीचा फायदा असा की एकाच जागेचा लीक दुरुस्त करून दुसरा तसाच ठेवण्याची फजिती टळते. मॅनिफोल्डच्या अंगालाच बारीक चीर असेल तर तीही इथेच कळते. बिडाची चीर वेल्ड करून देणारे भेटतील. नीट तापवून, निकेलच्या रॉडने, हळू थंड करत केली तर काही दिवस टिकते. माझं मत विचाराल तर मॅनिफोल्ड बदला.

टोकाचेच बोल्ट का तुटतात

बीड दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०११ मिलीमीटर वाढतं. पाऊण मीटर लांबीचा मॅनिफोल्ड ३० अंशांवरून ४०० अंशांवर गेला की तीन मिलीमीटर लांब होतो. हेड पाण्याने थंड राहतं, ९० अंशांच्या आसपास. ते जेमतेम अर्धा मिलीमीटर वाढतं. म्हणजे अडीच मिलीमीटरचा फरक, प्रत्येक टोकाला सव्वा. मधले बोल्ट जागेवर राहतात, टोकाच्या बोल्टांवरून मॅनिफोल्ड रोज पुढे-मागे सरकतो.

यासाठीच मॅनिफोल्डची भोकं बोल्टपेक्षा मोठी ठेवलेली असतात, आणि मोठ्या इंजिनांवर मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांत, एकात एक सरकणारा असतो. भोकात गंज आणि काजळी भरली, किंवा सरकता जोड जाम झाला, की सरकायला जागा उरत नाही आणि बोल्ट आडवा कापला जातो. त्यामुळे 'नागपूरच्या उन्हाने बोल्ट जातात' हे मला पटत नाही. बाहेर ४५ अंश असोत की १०, मॅनिफोल्डला तो फरक जाणवतही नाही. गरम इंजिनावर पाण्याचा फवारा मारून केलेलं वॉशिंग मात्र जाणवतं. घाट चढून आल्याबरोबर ढाब्यावर इंजिन खटकन बंद करणंही. दोन-तीन मिनिटं आयडल ठेवा, टर्बोही दुवा देईल.

आणखी एक. वर्षानुवर्षं तापून-थंडावून मॅनिफोल्ड थोडा आखडतो आणि वाकतो. नवे बोल्ट भोकात सरळ जात नसतील तर हातोडीने घालू नका. तिरपा बसलेला बोल्ट पहिल्याच फेरीत जातो.

मॅनिफोल्ड उतरवताना

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. आदल्या दिवशी, इंजिन कोमट असताना, सगळ्या बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा, संध्याकाळी पुन्हा, सकाळी पुन्हा. आमच्याकडे गिअरचं पातळ लाल तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळतात. काम बाजारातल्या स्प्रेइतकंच चांगलं करतं, पण अ‍ॅसिटोन पेट घेतं, तेव्हा गरम मॅनिफोल्डवर नाही आणि त्यानंतर लगेच गॅस कटरही नाही.

टर्बो आधी उतरवा. त्याचं वजन मॅनिफोल्डवर ठेवून बोल्ट सोडले तर शेवटचा बोल्ट वाकून तुटणारच. तेलाच्या नळ्यांची तोंडं स्वच्छ चिंधीने बंद करा.

बोल्ट सोडताना आधी केसभर आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या दिशेला. करकर वाजून थोडा हलला की तेल मारा, परत आवळा, परत सोडा. एका बोल्टाला पंधरा मिनिटं लागली तर लागू द्या. एअर गन लावून भुर्रकन काढणाऱ्याचे बारातले तीन तुटतात, आणि त्या तिघांवर पूर्ण दिवस जातो. जो हलतच नाही त्याच्याभोवतीचं हेड गॅसने जरा तापवा, मग ज्योत बाजूला करून बोल्टाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. ऐकायला आजीबाईचा बटवा वाटतो, पण महागड्या स्प्रेने जे हललं नाही ते मेणाने हललेलं मी पाहिलं आहे.

जुन्या पॅकिंगच्या जागी कोणी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा भरलेला असेल तर तो कोरडा खरवडू नका. ओला करून काढा, तोंडाला चांगला मास्क बांधा.

तुटका बोल्ट

बोल्ट बाहेर थोडा तरी डोकावत असेल तर नशीब समजा. त्यावर वॉशर ठेवा, वॉशरवर नट, आणि नटाच्या भोकातून बोल्टला वेल्ड करा. सीओटू वेल्डिंग उत्तम, साध्या रॉडनेही होतं. वेल्डचा पोलादी माल बिडाच्या हेडला सहसा पकड घेत नाही, पोलादी बोल्टला घेतो, म्हणून ही युक्ती चालते. पकड देण्यापेक्षा जास्त काम त्या उष्णतेचं असतं, ती गंज फोडते. लाली जाऊन काळा पडेपर्यंत थांबा, मग पुढे-मागे हलवत काढा. नट तुटून हातात आला तर परत करा. माझा विक्रम एका बोल्टाला सात नट असा आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सुटलेली, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि अल्टरनेटरचे कनेक्टर काढलेले, अर्थ हेडलाच जवळ, हे तिन्ही बघा.

बोल्ट माथ्याशी समतल किंवा आत तुटला असेल तर ड्रिल. तुटलेल्या बोल्टाचं तोंड आधी सपाट करून घ्या, नाहीतर पंच घसरतो. आणि मधोमध भोक पाडायचं असेल तर डोळ्यावर विसंबू नका. लेथवाल्याकडून एक छोटं बुश करून घ्या: बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसणारं, आतून ४ मिलीमीटरचं. मॅनिफोल्ड दोन चांगल्या बोल्टांनी जागेवर लावा, बुश भोकात घाला, त्यातून ड्रिल करा. भोक मधोमध आणि सरळच पडतं. या बुशाने मला हेडच्या जेवढ्या नुकसानीतून वाचवलं तेवढं कुठल्याच महागड्या हत्याराने नाही.

उलट्या पिळाचे ड्रिल मिळाले तर तेच वापरा. पाडता पाडता कधी बोल्टच फिरून बाहेर येतो. ४ नंतर ६, मग गरजेप्रमाणे. एम १० च्या १.५ आट्याला शेवटचं माप ८.५, एम ८ च्या १.२५ आट्याला ६.८ मिलीमीटर; त्याच्या वर गेलात तर आटे गेले. शेजारच्या शाबूत बोल्टाची आत जाणारी लांबी मोजा आणि ड्रिलवर त्या मापाला टेप गुंडाळा. टेपच्या पुढे जाऊ नका, कारण काही इंजिनांत त्या भोकामागे लगेच पाण्याची वाट असते.

आता ईझी आउटबद्दल, म्हणजे ड्रिलच्या भोकात उलट्या पिळाने घुसवून तुटका बोल्ट फिरवून काढायच्या हत्याराबद्दल. हे हत्यार फार कडक पोलादाचं आणि म्हणूनच ठिसूळ असतं. ज्या बोल्टाचं डोकं गंजामुळे तुटलं, तो बारक्या ईझी आउटने निघेल अशी आशा कशी करायची? हे शहाणपण मला नंतर आलं. २००९ च्या पावसाळ्यात, रात्री आठला, गाडी सकाळी द्यायची म्हणून मी ईझी आउटला जरा जास्त जोर दिला. टक. अर्धा आत. त्याला कुठलंही साधं ड्रिल चढत नाही. हेड उतरवून एमआयडीसीत स्पार्क इरोजनच्या (ठिणगीने धातू कोरणाऱ्या) मशीनवर नेलं. जेवढे पैसे त्या कामाचे मिळाले त्याच्या दुप्पट तिथे गेले. तेव्हापासून आधी वेल्ड, मग ड्रिल. ईझी आउट फक्त तेव्हाच, जेव्हा तेल आणि उष्णतेने बोल्ट हलला आहे याची खात्री असते.

बोल्ट निघाल्यावर आट्यांत नवा धारदार टॅप (आटे पाडायचं हत्यार) जोरात फिरवू नका, तो चांगले आटेही कापतो. जुन्या बोल्टाला हॅक्सॉने लांबीत दोन खाचा पाडा, तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवा. कचरा खाचांत येतो. मग हवा मारा, चश्मा लावून. आटे गेलेच असतील तर इन्सर्ट (नव्या आट्यांची बारीक नळी) बसवता येतो आणि बिडात तो टिकतो.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

ईझी आउट किंवा ड्रिल आत तुटलं, थांबा. भोक तिरपं पडून हेडच्या अंगात शिरलं, थांबा. प्रत्येक पुढचा प्रयत्न ते वाढवतो. भोकातून पाणी किंवा कूलंट ओघळलं, थांबा. दोन पोर्टच्या मधे किंवा बोल्टाच्या भोकापासून निघालेली चीर दिसली तर हेड उतरणार, ते हेडचं काम करणाऱ्याकडेच. गाडी वॉरंटीत असेल तर पाना लावण्याआधीच अधिकृत वर्कशॉपला न्या. बीएस-६ गाडीत मॅनिफोल्डचा लीक पुढच्या सेन्सरला आणि फिल्टरलाही फसवतो. बोल्ट बदलल्यावरही चेक लाइट राहिली तर स्कॅनर असलेला माणूस हवा, अंदाजाने सेन्सर बदलणारा नको.

बसवताना

मॅनिफोल्डचा माथा सरळ पट्टीखाली फिलर गेजने तपासा. कंपनीच्या पुस्तकात जी मर्यादा असेल ती पाळा. पुस्तक नसेल तर ०.१५ ची पाती कुठेही सहज सरकली की मी मॅनिफोल्ड प्लेनिंगला पाठवतो. वाकलेला मॅनिफोल्ड नव्या पॅकिंगवर आवळून सरळ करू बघणं म्हणजे ती वाक बोल्टांना देणं. पुन्हा तुटण्याचं, सायलेन्सरनंतरचं दुसरं मोठं कारण हेच. मॅनिफोल्डच्या भोकांतली काजळी गोल कानशीने साफ करा, सरकायची जागा परत मिळू द्या.

बोल्ट सगळे नवे, एकदम. तुटलेले दोन नवे आणि दहा जुने असं केलं तर पुढच्या दोनांची वाट बघा. कंपनीचेच घ्या. ज्या इंजिनात बोल्टाखाली लांब नळीसारखा स्पेसर असतो तो टाकून देऊन आखूड बोल्ट घालणारे महाभाग आहेत, 'दिसायला सारखेच' म्हणून. स्पेसर तिथे बोल्ट लांब ठेवण्यासाठी असतो. लांब बोल्ट रबरासारखा थोडा ताणतो आणि पकड सोडत नाही, आखूड बोल्टाला ती सवलत नाही. साधे हार्डवेअरचे चकचकीत बोल्ट तापून मऊ पडतात.

आट्यांना निकेलचं अँटी-सीझ लावा, थोडंच. ते लावलं की आटे निसरडे होतात, त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तकात ओल्या आट्यांचा वेगळा आकडा असेल तर तो धरा. पॅकिंग कोरडं, दिशा बघून. सिलिकॉन, एम-सील, काही नाही. तिथल्या तापमानाला ते जळून खपलीसारखं गळतं आणि मागे फट ठेवतं. बोल्ट मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनेच आवळा. 'हाताला अंदाज आहे' हे मीही म्हणायचो.

झालं की प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून मॅनिफोल्डवर पांढऱ्या मार्करची एक सरळ रेघ ओढा. गाडी चालवा, एक भरली फेरी होऊ द्या, रात्रभर थंड करा आणि सकाळी रेघा बघा. उष्णतेने रेघ पिवळट होते, पण दिसते. ज्याची रेघ तुटलेली आहे तो बोल्ट फिरला. पुस्तकात परत टॉर्क करायला सांगितलं असेल तर याच वेळी, थंड इंजिनावर करा. आणि रेघा सरळ आहेत, तरी टकटक आहेच, असं झालं तर गाडीखाली जाऊन सायलेन्सर पुन्हा एकदा हलवून बघा.